एक भाकर, किती पंगती

तुम्ही पडवीत खांबाला टेकून बसला आहात. तुमच्या डोक्याच्या वीतभर वर खांबात एक गंजका खिळा आहे. मघाशी टोपी त्यालाच अडकवलीत. दिवाळी नुकतीच सरली आहे आणि सकाळची थंडी अजून अंगणातून हललेली नाही. उमरखेडच्या या जुन्या वस्तीतून हमरस्ता दिसत नाही, पण ऐकू येतो. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारे ट्रक, मध्येच उसाची ट्रॉली. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे मराठवाडा.

आजी चुलीपुढे बसली आहे. काठवटीत ज्वारीचं पीठ, त्यात ऊन पाणी. ती तळहाताच्या टाचेनं गोळा रगडते आणि थापायला घेते. भाकर बोटांखाली फिरत फिरत मोठी होते. मग तव्यावर टाकून ती वरून पाण्याचा हात फिरवते आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलटते. शेवटी भाकर निखाऱ्यापुढे तिरपी उभी राहते, टम्म फुगते, आणि पापुद्रा सुटताना एक बारीकसा फुस्स आवाज येतो.

तुमच्या मांडीवर देवळीतून काढलेलं एक जुनं पुस्तक आहे. आजोबा कधीकाळी मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होते, तिथून येताना मिळालेला मराठी नवा करार. घरात ख्रिस्ती कुणी नाही, कुणी तो फारसा वाचलेलाही नाही. तुम्ही सहज उघडलंत ते पान येशूच्या शेवटच्या जेवणाचं निघालं. त्यात गव्हाची पोळी नाही, पाव नाही. भाकर आहे. येशू भाकर हातात घेतो, देवाचे उपकार मानतो, मोडतो आणि बाराजणांना देतो. हे माझं शरीर, म्हणतो. मग पेला फिरवतो आणि हे माझं रक्त, म्हणतो.

ज्या कुणा भाषांतरकारानं पहिल्यांदा ‘भाकर’ लिहिलं त्याचे उपकारच मानायला हवेत. भाकर कापत नाहीत, मोडतात. आणि पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी या विधीला दिलेलं एक अगदी जुनं नाव ‘भाकर मोडणं’ हेच होतं. दुसरं नाव ग्रीक, युखारिस्तिया, म्हणजे आभार मानणं. आपल्याकडचे प्रॉटेस्टंट ‘प्रभुभोजन’ म्हणतात, कॅथलिक ‘मिस्सा’. गंमत अशी की शास्त्रात भाकर असली तरी कॅथलिक वेदीवर आजीची ही भाकर चालायची नाही. चर्चच्या कायद्यानं तिथं निव्वळ गव्हाचीच रोटी लागते आणि द्राक्षाचीच वाइन. ज्वारीला तिथं मज्जाव.

“घे बाबू, गरम हाय तंवर,” आजी म्हणते आणि भाकर मोडून अर्धी तुमच्या हातावर ठेवते. चटका बसतो. तुम्ही ती घाईनं रुमालात धरता, आणि मान वर करता तो चूल नाही, अंगण नाही, नाकात खारट वारा.

करिंथ. सन ५४ च्या आसपासची संध्याकाळ. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं शहर, दोन्ही अंगांना बंदर. रोमनांनी जुनं शहर जमीनदोस्त केल्यावर शंभर वर्षांनी जूलियस सीझरनं ते पुन्हा वसवलं, तेही बरेचसे दास्यमुक्त गुलाम आणून. त्यामुळे इथं जुनी घराणी थोडी आणि नवा पैसा फार. तुम्ही एका मोठ्या घराच्या दारात आहात. तुमच्या पुढेमागे गोदीवरचे हमाल, कुणाच्या तरी घरचे गुलाम, एक विणकर बाई. अंगाला घाम आणि मासळीचा वास. सगळ्यांना उशीर झाला आहे, कारण मालकाचं काम संपल्याशिवाय सुटका नसते. आणि रविवारची सुट्टी अजून कुणाच्या स्वप्नातही नाही.

आत जेवणघर. तीन बाजूंना तीन बैठका, एकेका बैठकीवर तिघं रेललेले. म्हणजे नऊ माणसं, फार तर दाटीवाटीनं दोनचार जास्त. ती यजमानाच्या तोलामोलाची. त्यांचं जेवण उरकत आलं आहे. एकाचा चेहरा दारूनं लाल. गव्हाची पांढरी रोटी संपलेली, ताटात माशांचे काटे. तुम्ही आणि हमाल बाहेरच्या चौकात, पावसाचं पाणी साठवायच्या हौदाकाठी उकिडवे बसता. तुमच्यापुढे येतं ते सातूच्या कोरड्या रोटीचं टोपलं, आणि तेही सगळ्यांना पुरत नाही. यानंतर आतलाच कुणीतरी उठून भाकर मोडणार आहे आणि आपण सगळे एक आहोत असं म्हणणार आहे.

तुम्हाला हे दृश्य परकं वाटत नाही. आत सोवळ्याची पंगत, ओसरीवर दुसरी, मागच्या दाराशी उरलंसुरलं. यजमान दुष्ट नाही बरं का. त्याच्या लेखी ही रीतच आहे. रोमन मेजवान्यांत पाहुण्याच्या पायरीप्रमाणे दारूही वेगवेगळ्या प्रतीची वाढत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

पण काही आठवड्यांनी, त्याच चौकात, इफिसहून आलेलं पत्र मोठ्यानं वाचलं जातं. लिहिणारा पौल. तंबू शिवून पोट भरणारा, शीघ्रकोपी, या शहरात दीडेक वर्ष राहून गेलेला माणूस. त्याला हे सगळं कळलेलं आहे आणि तो भडकला आहे. एकजण उपाशी राहतो, दुसरा झिंगतो. तुम्हाला खायला-प्यायला घरं नाहीत का. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. वाचणाऱ्याचा आवाज थोडा दबतो, कारण यजमान समोरच बसला आहे. आणि मग, या खरडपट्टीच्या ऐन मध्यावर, पौल त्या रात्रीची गोष्ट सांगतो: येशूला धरून दिलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली, मोडली, पेला घेतला.

जगभरच्या वेद्यांवर आज जे शब्द उच्चारले जातात त्यांची आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी लेखी नोंद ही आहे. चारही शुभवर्तमानं याच्या नंतरची. मार्काचं सर्वांत जुनं मानतात, तेही सन ७० च्या सुमाराचं. म्हणजे हे शब्द पहिल्यांदा कागदावर आले (पपायरसवर म्हणा) ते पूजेच्या पोथीत नव्हे, तर वाढपात दुजाभाव केला म्हणून झालेल्या भांडणात. मला विचाराल तर या विधीबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

पौल पुढे बजावतो: ‘शरीर’ न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. कुठलं शरीर? हातातल्या भाकरीतलं, की चौकात उकिडवं बसलेल्या माणसांचं? यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. आदल्याच प्रकरणात त्यानं म्हणून ठेवलं आहे की भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर. तेव्हा त्याच्या मनात दोन्ही असणार. पत्राच्या या भागाचा शेवट मात्र अगदी घरगुती आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. तुमच्या शेजारचा हमाल ते ऐकून मान हलवतो आणि टोपल्याकडे बघतो.

तिथून थोडं पूर्वेला, बहुधा सिरियातलं एक खेडं, पहिलं शतक सरत आलेलं. इथं तुम्ही वाटसरू. ‘दिदाखे’, म्हणजे ‘शिकवण’, नावाची एक छोटी पोथी या गावात चालते. पुढे ती अशी हरवली की १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठात फिलोथिओस ब्रायेनिओस नावाच्या ग्रीक धर्मगुरूला तिची १०५६ सालची नक्कल सापडेपर्यंत विद्वान फक्त नावच ऐकून होते. तुम्हाला ती पोथी लागू होते ती आधी पाहुणा म्हणून. प्रभूच्या नावानं येईल त्याला घरात घ्या. वाटसरू असेल तर दोनतीन दिवस ठेवा. राहायचंच म्हणाला तर कामाला लावा. प्रेषित म्हणवणारा तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तोही खोटा. गावोगावच्या बुवांनी गांजलेल्या कुणीतरी हे लिहिलं असावं, अशी माझी खात्री आहे.

संध्याकाळी अंगणात माणसं जमतात. इथली प्रार्थना ऐकून तुम्ही चमकता. आधी पेला, मग भाकर, क्रम उलटा. आणि शरीर-रक्ताचे शब्द इथं नाहीतच, शेवटच्या रात्रीचाही उल्लेख नाही. पेल्यापाशी ते दाविदाच्या द्राक्षवेलीबद्दल देवाचे आभार मानतात. भाकरीबद्दल म्हणतात त्याचा आशय असा, की ही जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी माणसं पृथ्वीच्या टोकांहून गोळा होवोत. तुम्हाला पैनगंगेकाठचं खळं आठवतं. कुठल्या कुठल्या वावरातली कणसं खुडून आणलेली, मळलेली, उपणलेली, आणि शेवटी एका काठवटीत. ही उपमा सुचायला पंडित असावं लागत नाही, दाणे पाखडलेले असावे लागतात.

मग सगळे पोटभर जेवतात. पोथीत पुढची प्रार्थना ‘तृप्त झाल्यावर’ म्हणायची आहे. म्हणजे हे अजून खरंखुरं जेवण आहे, जिभेवरचा तुकडा नव्हे. दोन अटी मात्र कडक. ज्याचं शेजाऱ्याशी भांडण आहे त्यानं ते मिटवल्याशिवाय बसायचं नाही. आणि बाप्तिस्मा न झालेल्यानं यातलं खायचं नाही. म्हणून तुमच्यापुढे काही येत नाही. एकीकडे पंगत मोडून काढणारी ही माणसं, त्यांनीही अंगणात एक रेघ ओढलीच आहे. तुम्ही रुमालातली ज्वारीची भाकर चाचपता. ती अजून कोमट आहे.

बिथुनियाच्या मुलखात, सन ११२ च्या सुमारास, तुम्ही फार वेळ थांबू नये. प्रांताचा कारभारी धाकटा प्लिनी. मोठा सुसंस्कृत गृहस्थ. यानंच पूर्वी एका पत्रात पाहुण्यांना प्रतीप्रतीची दारू वाढणाऱ्या एका यजमानाची टर उडवली होती आणि अभिमानानं लिहिलं होतं की माझ्या घरी दास्यमुक्त जे पितात तेच मी पितो. पंगतीतला दुजाभाव कळणारा माणूस! आता त्याच्यापुढे दोन दासी आणल्या आहेत. मंडळीत त्यांना ‘सेविका’ असा मान आहे. या लोकांच्या जेवणात काय असतं हे काढून घ्यायला प्लिनी त्यांचे हाल करवतो, कारण बाजारात बोलवा आहे की हे लोक माणसं खातात. शरीर खाणं, रक्त पिणं असे शब्द भिंतीपलीकडून ऐकू आल्यावर दुसरं काय होणार! त्याच्या हाती लागतं ते इतकंच: ठरल्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत जमतो, ख्रिस्ताचं गीत म्हणतो, चोरी-लबाडी करणार नाही अशी शपथ घेतो, पांगतो, पुन्हा जमून साधं जेवण जेवतो. तेही तुमचा हुकूम आल्यापासून बंद आहे. प्लिनी सम्राट त्राजानाला कळवतो की ही एक विकृत, अतिरेकी अंधश्रद्धा आहे. त्या दोघींची नावं त्यानं लिहिली नाहीत. तुम्ही तिथं होता, पण तुम्हालाही ती ऐकू आली नाहीत.

रोम, सन १५५. तत्त्वज्ञाचा झगा घातलेला जस्टिन सम्राटाला खुला अर्ज लिहितो आहे: आमच्याबद्दल वाटेल ते बोलतात, तेव्हा आम्ही काय करतो ते एकदा नीट सांगतो. तुम्ही दाराशी उभे राहून त्याच्या रविवारची सभा बघता. प्रेषितांच्या आठवणी वाचतात, प्रमुख दोन शब्द सांगतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर येते आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. प्रमुख आपल्या कुवतीप्रमाणे आभार मानतो. ठराविक संहिता अजून नाही. लोक ‘आमेन’ म्हणतात. सेवक वाढतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवतात. ज्याला ऐपत आहे तो मनाला येईल तेवढं ठेवतो. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे यांचं भागतं.

जेवण मात्र गेलेलं आहे. करिंथच्या चौकातला वास, कालवा, भांडण, काही नाही. उरला आहे तो तुकडा आणि घोट. जस्टिन म्हणतो की हे आम्ही नेहमीच्या खाण्यासारखं घेत नाही. देह धारण केलेल्या येशूचं हे मांस आणि रक्त आहे असं आम्हाला शिकवलं आहे. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी अंत्युखियाचा इग्नातियस याला अमरत्वाचं औषध म्हणून गेला. तेव्हा ‘मुळात हे नुसतं समतेचं सहभोजन होतं, पुरोहितांनी त्याचं गूढ केलं’ असं जे आपल्याकडचे पुरोगामी लोक सांगतात ते तितकंसं खरं नाही. गूढ सुरुवातीपासून होतंच. पण जेवण वेदीवर चढलं की कोण कुणाशेजारी बसलं हा प्रश्न नजरेआड होतो, हेही तितकंच खरं. तुकडा पुरायचा प्रश्न कुठं येतो? तो सगळ्यांना पुरतोच.

इथून पुढची उडी लांब आहे. गोव्यातल्या राशोलला तुम्ही थबकता, १६१६ साली. विल्टशरमधून आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स हजारो ओव्यांचं मराठी ख्रिस्तपुराण छापून घेतो आहे, रोमन अक्षरांत. भोवती सगळी भातशेती. गव्हाची रोटी हवी म्हणून पोर्तुगीजांबरोबर पाव आला, यीस्टच्या जागी माडाची ताडी आली, आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, नवा धंदा उभा राहिला. गंमत म्हणजे मराठीला त्यांच्या मिस्सेपेक्षा त्यांचा पावच अधिक पोचला. तिथून वर वसईला या आणि विहिरीच्या काठावर बसा. ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात: पाद्र्यानं रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गावानं पाणी भरलं, झाला सगळा गाव बाटला. असं खरोखर कुठं किती घडलं हा प्रश्न बाजूला ठेवा. ज्या गावाला असं वाटू शकतं त्याच्या मनाचं बघा. एकाच भाकरीचा अंश सगळ्यांच्या पोटात गेला की माणसं एक होतात, पूर्वीची उरत नाहीत, आणि ते मागं फिरवता येत नाही, असं ते गाव धरून चाललं आहे. पौलाला जे करिंथकरांच्या गळी उतरवता आलं नाही ते आमच्या जातपंचायतींना न शिकवता कळत होतं. फक्त त्याला जे तारण वाटलं ते यांना मरण वाटलं.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या परमहंस सभेनं जात मोडायची ठरवली तेव्हा दीक्षेत काय घातलं? ख्रिस्त्याच्या हातचा पाव. अर्थात गुपचूप, दारं लावून. पुढे सभासदांची यादी चोरीला गेली म्हणताच मंडळी पांगली.

पुणे, ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमधलं व्याख्यान संपलं आहे आणि तुमच्या हातात चहाचा पेला आहे, बशीत बिस्किट. आमंत्रण गोपाळराव जोश्यांचं, आनंदीबाईंचे यजमान. या माणसाच्या मिशीत हसू आहे ते तुम्हाला अजून उमगलेलं नाही. जवळच न्यायमूर्ती रानडे. पलीकडे बाळ गंगाधर टिळक. कुणी घोट घेतो, कुणी पेला ओठाला लावल्यासारखा करून खाली ठेवतो, कुणी बिस्किटाकडे बघतो आणि बघतच राहतो. तुम्हीही तो पेला दोन्ही हातांत धरून बसला आहात. ऊब बरी वाटते. थोड्याच दिवसांत ही सगळी नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून येतात. ग्रामण्य उठतं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जातं, घरोघर भटजी पाठ फिरवतात, श्राद्धाला ब्राह्मण मिळेनासे होतात. टिळक काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दाखवतात. रानडे १८९२ साली प्रायश्चित्त घेतात आणि त्यांचे चाहते हळहळतात. तो चहा काही प्रभुभोजन नव्हता. कुणी प्रार्थना म्हटली नाही, भाकर मोडली नाही. तरी एका पेल्यानं पुण्यातले शहाणेसुरते दोन वर्षं हैराण झाले.

नागपूर स्टेशन, १८९३. गाडी राजनांदगावकडे निघते. तुमच्यासमोर एक तरतरीत तिशीचा ब्राह्मण, काव्यावर बोलायला लागला की थांबत नाही: नारायण वामन टिळक. त्याच्या शेजारी एक गोरा, फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. याच मिशनचं काम पुढे तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात रुजलं; आजोबांच्या नव्या कराराची वाट शोधत मागं गेलात तर ती कुठंतरी या डब्यापाशी येईल. वॉर्ड टिळकांच्या हातात पुस्तक ठेवतात आणि म्हणतात, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे अगोचर वाटतं. पण पुस्तक ते टाकत नाहीत, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववत नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण तुम्ही त्यांच्यामागे जाऊ नका. नगरला जा, चारपाच वर्षांनी. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे राहायला आल्या आहेत आणि घरात सोवळं जपताहेत. त्यांचं पाणी वेगळं, त्यांची चूल वेगळी. तुम्ही दोन चुलींच्या मध्ये उभे आहात. एकीकडे फोडणीचा वास, दुसरीकडेही फोडणीचाच. नवऱ्याचा धर्म त्यांनी पत्करलेला नाही आणि पत्करावा अशी त्याची सक्ती नाही. मिशनच्या त्या आवारात महार-मांग समाजातून आलेली माणसं, ब्राह्मण, परदेशी, सगळे एका भाकरीला हात लावतात, आणि ही बाई ते दुरून बघते. मग त्यांचा त्यांनीच विचार केला, की माणसांमध्ये या जाती देवानं केल्या की माणसानं? उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. दिदाखेची रीत अशी की आधी बाप्तिस्मा, मग भाकर. लक्ष्मीबाईंनी आधी भाकर घेतली. आणि टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, ‘देवाचा दरबार’ मांडला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांसाठी.

पेल्याचं मात्र एक राहिलं. भाकरीचा तुकडा ज्याचा त्याचा असतो. पेला एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांकडे जातो. उष्टा. तुमच्या-माझ्या आजीच्या कोशात याहून जड शब्द नाही. चर्चमध्येही तो हलका नव्हता. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिणेतल्या मंडळ्यांना पत्र लिहून बजावावं लागलं की जातीजातीनं वेगळं बसणं आणि वेगळं प्रभुभोजन घेणं बंद करा, आणि त्यावर उच्चवर्णीय ख्रिस्ती उठून गेले. करिंथनंतर पावणेअठराशे वर्षांनी तेच पत्र, तेच भांडण. पुढे अमेरिकेत जंतूंच्या भीतीनं छोटे छोटे सुटे पेले निघाले, ते इकडेही आले. मेथडिस्टांनी दारू आधीच वर्ज्य केली होती. आपल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून रस करतात आणि त्या अंगठ्याएवढ्या पेल्यांत ओततात. आरोग्याच्या दृष्टीनं उत्तमच. आणखी कुणाकुणाची त्यात सोय झाली असेल ते बोलून दाखवायला नको.

चूल. अंगण. ट्रकचा हॉर्न. रुमालातली भाकर गार आणि चिवट झाली आहे. आजीची चौथी तव्यावर आहे. गेटाशी सोयाबीनच्या मळणीयंत्रावरची दोन पोरं पाणी मागायला आली आहेत. आजी पुतणीला हाक मारते, ती स्टीलच्या तांब्या-पेल्यानं त्यांना पाणी देते, पोरं पेला तोंडाला लावून पितात, परत देतात, जातात.

तुम्ही उठता आणि खिळ्यावरची टोपी काढता. खिळ्याखाली लाकडावर एक अर्धगोल घासल्याची खूण आहे, वर्षानुवर्षं काहीतरी लोंबकळत राहिल्यासारखी.

“आजी, इथं काय अडकवलेलं असायचं?”

ती मागं वळून बघत नाही. “कप होता. कान तुटेल.”

“कोणाचा?”

आजी ओंजळीत पाणी घेते आणि तव्यावरच्या भाकरीवरून हात फिरवते. पाणी सुकतं, तरी भाकर उलटायची राहते. कडेनं धूर निघायला लागतो तेव्हा कुठं तिचा हात हलतो.

“मीच वरून पाणी ओतत होतो त्याच्यात,” ती म्हणते. “तू खाल्ली नाहीस अजून?”